कुत्र्याच्या पानातली खीर

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आत्याने बमरोलीच्या आमच्या खोलीत गाय, कावळा आणि कुत्रा यांची पानं वाढली. दारातल्या कुत्र्याला वडील मिलमधून आले की रोज पोळी द्यायचे. आज त्याच्या पानात खीर होती, वडिलांच्या आवडीचे बेदाणे घातलेली. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मी वाचलं होतं. मी खीर काढून घेऊ लागले.

“पुस्तकं वाचून वाढलेलं पान मोडायला शिकलीस का गं?” आत्या म्हणाली. “तुझ्या बापाच्या आवडीचं आहे ते.”

“कुत्राही त्यांच्या आवडीचाच होता. बेदाण्यांनी मरेल तो.”

आत्याने खिरीच्या जागी आणखी एक पोळी ठेवली आणि पान स्वतःच दाराबाहेर नेलं.