गोखल्यांकडची शार्दोने

किस्से सांगणारी माणसं वेगळी असतात. त्यांना कुठे थांबायचं ते कळतं. मी जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, आणि तासाच्या शेवटी "काही शंका?" असं विचारताना वर्गात सगळ्यात जास्त शंका मलाच असायच्या. तरीसुद्धा आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से आता इतके साठलेत की घरात पाय ठेवायला जागा नाही. आमच्या गल्लीतला कबाडी जुने पेपर नेतो, मोडका कूलर नेतो. किस्से काही नेत नाही. तेव्हा तुम्हालाच ऐकावे लागतील!

बैठकीत माणसं चार. पहिला गोखले. रायसेन रोडवरच्या मोठ्या कारखान्यात इंजिनीअर होता, आता बाग सेवनियात घर बांधून राहतो. त्याची बायको सुमतीवहिनी. तिसरा वानखेडे. राजधानी नागपूरहून हलली तेव्हा त्याचे वडील सरकारी दफ्तराबरोबर इथे, या हिंदी मुलखात आले, तो स्वतः इथेच सचिवालयात मुरला, पण बोली अजून नागपूरचीच. आणि चौथा मी.

चार म्हातारे दुपारी चार वाजता वाइन पितात, हे ऐकून लोक हसतात. हसू द्या.

*

सुरुवात दवाखान्यात झाली.

वहिनींच्या गळ्यात गाठ निघाली होती. किरणांचे उपचार झाले, सलाइनमधून औषधं झाली. गाठ बसली म्हणाले. पण चव गेली, वास गेला. वरण असो, शिरा असो, सगळं एकच. वहिनी दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. मुळात बारीक बाई, ती दिवसेंदिवस विरत चालली.

गोखले डॉक्टरांकडे पथ्य विचारायला गेला. बरोबर वहिनी आणि मी होतो. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. म्हणाले, "अंकल, कोई परहेज़ नहीं। आंटीजी का जो मन करे, खिलाइए।"

वहिनी खूश! "ऐकलंत ना भाऊजी? पथ्य नाही म्हणाले!"

गोखल्यानं मात्र गाडी नेहमीपेक्षा हळू घरी आणली. वहिनी घरात गेल्यावर गाडी लावता लावता म्हणाला, "काहीही खाऊ द्या, असं डॉक्टर कधी म्हणतात रे?"

मी म्हटलं, "पेशंट बरा होत आला की म्हणतात."

"आणि दुसरं कधी?"

मला माहीत होतं, त्यालाही होतं.

*

गोखल्यांची मुलगी मुक्ता परदेशात एका डोंगरातल्या वाइनरीत केमिस्ट आहे. तिनं कुणाबरोबर तरी दोन बाटल्या पाठवल्या, पुढेही येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवत राहिली. शार्दोने, पांढरी वाइन. फोनवर म्हणाली, "बाबा, ही उंचावरच्या द्राक्षांची आहे. तिथे रात्री गार असतात, आंबटपणा टिकतो. आईच्या जिभेला काही लागलं तर हेच लागेल. डॉक्टरांना विचारून घोटभर द्या."

डॉक्टरांनी त्यालाही परवानगी दिली. जीभ ओली होईल एवढीच, म्हणाले. गोखल्याच्या ते मनाला लागलं. एखाद्या गोष्टीला तरी हा माणूस नाही म्हणेल, अशी त्याला आशा होती.

मग मला फोन. "प्रोफेसर, तू ये. डोंगराची वाइन आहे, आणि डोंगर तुझा विषय."

आता यातलं खरं एवढंच की आम्ही भूगर्भवाले दगड चाटतो. थट्टा नाही. खडकात माती किती, रेती किती, हे फील्डवर जिभेला आणि दाताला आधी कळतं. माझी बायको होती तेव्हा पाहुण्यांना सांगायची, "घरचं मीठ कमी झालं तर यांना कळत नाही, पण सातपुड्यातला कुठलाही दगड ओळखतात!" एवढ्या भांडवलावर मी वाइनचा जाणकार झालो. मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

*

पहिल्या रविवारी काचेचे ग्लास काढले. औषधांनी वहिनींच्या बोटांना बधिरपणा आलेला. ग्लास निसटला, फरशीवर खळकन फुटला. वहिनी इतक्या ओशाळल्या की पुढच्या रविवारी गोखल्यानं काच कपाटातच ठेवली आणि लग्नातले पितळी पेले काढले. जड, धरायला सोपे.

मी घोट घेतला आणि चकित झालो. जिभेच्या कडेला धातू! म्हटलं, हाच तो खनिजपणा, ज्याच्याबद्दल लोक एवढं बोलतात. मी बोलत सुटलो. उंचावरचा उघडा खडक, पातळ माती, मुळं खोल जाणं. वास्तविक दगडाची चव वेलीतून द्राक्षात चढत नाही, हे मीच वर्गात शिकवायचो. त्या दिवशी मी ते विसरलो. कुणी लक्ष देऊन ऐकत असलं की मला असं होतं.

वानखेडे शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "प्रोफेसर, पेल्याला कल्हई नाही ना जी."

वहिनींनी आपला पेला तिरका करून आत पाहिलं. "अय्या! किती लख्ख निघाला! चिंचेपेक्षा बरी आहे की ही!"

तेव्हापासून स्टील. चौघांनाही सारखे पेले, म्हणजे वहिनींना वेगळं वाटायला नको.

*

एकदा वहिनी वैतागून म्हणाल्या, "काही देऊ नका मला. सगळं मातीसारखं लागतं."

अशा वेळी काहीतरी धीराचं बोलायचं असतं. माझ्या तोंडून निघालं, "कोणती माती?"

"म्हणजे?"

"म्हणजे काळी की मुरुमाची? काळी चिकटते, टाळूला बसते. मुरूम दाताखाली कचकचतो."

गोखल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, उठून घरी जावं. पण वहिनींनी खरोखर विचार केला. जीभ टाळूला लावून पाहिली.

"काळी," त्या म्हणाल्या. "पाऊस न झालेली."

आणि हसल्या! उपचार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. गोखले जिन्यात जाऊन उभा राहिला. मी त्याला विचारायला गेलो, राग आला का म्हणून. तो म्हणाला, "अजून विचार ना तिला काहीतरी."



*

महाराणा प्रताप नगरातल्या एका हॉटेलात वाइन टेस्टिंग आहे असं वानखेड्यानं पेपरात वाचलं. आम्ही तिघं गेलो. आजूबाजूला सगळी कोचिंग क्लासची पोरं आणि ऑफिसातली मंडळी. मधे आम्ही, स्वेटर घालून. एसी फार होता.

काळ्या कोटातला एक मुलगा समजावून सांगत होता. आधी रंग पाहा, मग वास घ्या, मग घोट तोंडात फिरवा, आणि मग या भांड्यात थुंका.

वानखेडे ओरडला, "बाप्पा! थुकायचीच होती तर बोलावलं काहून?" आणि त्यानं आपली गिळली. माझी पण गिळली.

मुलगा डोंगरातल्या शार्दोनेपाशी आला. म्हणाला, ही नाकानं प्यायची वाइन आहे, सत्तर टक्के काम नाकाचं. कुठून आणतात हे आकडे कोण जाणे. सगळे निघाल्यावर गोखले त्याच्याजवळ गेला. हळूच विचारलं, "बेटा, मान लो किसी को ख़ुशबू आती ही नहीं। ज़बान पर भी कुछ नहीं लगता। उनके लिए कौन सी ठीक रहेगी?"

मुलाला वाटलं, काका गंमत करताहेत. तोही हसून म्हणाला, "अंकल, फिर तो सबसे सस्ती ले जाइए!"

गोखले म्हणाला, "थँक यू."

रिक्षात आम्ही तिघंही बाहेर बघत बसलो होतो. तिघांना तीन खिडक्या नसतात रिक्षाला, तरीही.

*

मग तो रविवार आला, ज्याची आम्ही सगळे वाट पाहत होतो.

मुक्ता व्हिडिओवर होती. तिकडून शिकवत होती, पेला गोल फिरवा, हवा लागू द्या. वानखेड्यानं इतका मनापासून फिरवला की अर्धी वाइन त्याच्या पांढऱ्या बुशशर्टावर. "हवा लागली ना जी, आता धोबी लागते!"

हसणं ओसरल्यावर मुक्तानं विचारलं, "आई, तुला काही लागलं का गं?"

वहिनींनी डोळे मिटले. घोट तोंडात ठेवला, बराच वेळ. मग म्हणाल्या, "पाटा धुतल्यावर ओला असतो ना, त्याच्यावर लिंबाची फोड चिरावी. तसं."

पलीकडे मुक्ता रडायलाच लागली. "आई! अगदी हेच! आमच्याकडे हेच लिहितात तिच्याबद्दल!"

गोखल्यानं शेजारीपाजारी पेढे वाटले. कारण कुणाला सांगणार? म्हणाला, नातू पास झाला. नातू त्याला नाहीच.

तेव्हापासून दर रविवारी वहिनी काहीतरी नवं सांगायच्या. एकदा कोऱ्या साडीची घडी मोडल्यासारखं. एकदा पापडाच्या कच्च्या लाटीसारखं. एकदा पहाटे तुळशीपाशी उभं राहिल्यासारखं. आम्ही ऐकत राहायचो. गोखले आठवडाभर ते वाक्य लोकांना ऐकवायचा.

जेवण मात्र वाढलं नाही. ब्लाउजच्या बाह्यांना आत टीप घातली होती, ती आणखी आत घ्यावी लागली. "चव आली की भूक येईलच," गोखले म्हणायचा. मीही हो म्हणायचो.

*

आता शेवटचा.

वहिनींचं ऐकून ऐकून मला वेगळीच भीती धरली. मला त्या वाइनमध्ये आंबटपणाखेरीज काही लागायचं नाही. ना पाटा, ना साडी, ना तुळस. ज्या बाईची चव गेली तिला इतकं लागतं आणि मला नाही, म्हणजे माझं काय गेलं? या वयात आधी वास जातो, मग नावं जातात, मग माणसं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी किचनमध्ये जाऊन हिंगाची डबी हुंगायचो. यायचा वास. पण खरंच यायचा, की हिंग आहे हे ठाऊक असल्यामुळे यायचा?

शेवटी वानखेड्याला फोन केला. "एखाद्या रविवारी मला न सांगता माझ्या पेल्यात नुसतं पाणी घाला. बघू मला कळतं का."

"काय करून राहिले प्रोफेसर? वेडे झाले का?"

"तेच तर बघायचंय."

पुढच्याच रविवारी पेले भरायला तो स्वयंपाकघरात गेला. ट्रे घेऊन आला. पेले सारखेच, पण पाण्याचा त्यानं माझ्या बाजूला ठेवला असणार. वहिनी एरवी कुणी हातात देईपर्यंत थांबत. त्या दिवशी त्यांना जरा बरं वाटत होतं. "आज मी घेते हं माझा," म्हणाल्या आणि हात लांब करून माझ्या बाजूचाच पेला उचलला.

वानखेड्यानं उरलेल्यातला एक माझ्या हातात दिला. मी घोट घेतला. आंबट. वाइन होती. मी वर पाहिलं तर वानखेड्याचा चेहरा पांढराफटक. तो वहिनींच्या पेल्याकडे बघत होता.

वहिनींनी डोळे मिटले. घोट तोंडात फिरवला, मुक्तानं शिकवला होता तसा.

"आज कशी आहे?" गोखले पुढे सरकून बसला होता.

"थांबा हो. घाई नका करू." मग चेहरा हळूहळू खुलला. "पेरू! अर्धा पिकलेला. माहेरी परसात होता ना, तसा. झाडावरून काढला की देठाशी चीक असतो, तोसुद्धा लागतोय बघा."

"पेरू!" गोखले आमच्याकडे वळला. "ऐकलंत? पेरू!"

मी हो म्हटलं. वानखेड्यानंही मान हलवली.

वहिनींनी जीभ ओली करून पेला खाली ठेवला, म्हणजे उरलेलं नेहमीप्रमाणे गोखल्यानं प्यायचं. वानखेडे घाईनं उठला. "द्या वहिनी, तो गरम झाला असन. दुसरा आणतो."

"राहू दे, बस," गोखले म्हणाला आणि त्यानं तो पेला उचलला. एक मोठा घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. त्यानं पेल्यात पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं.

"लागला का हो?" वहिनींनी विचारलं.

गोखल्यानं घोट गिळला. बाकीचं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं, पेला उपडा ठेवला आणि मिशा पुसल्या.

"लागला," तो म्हणाला. "बियांसकट!"