बैल आखूड, जोडीदार लांब टांगेचा

सुदाम राठोड शांत माणूस आहे असं म्हणणारा हिंगोलीत एकच जण सापडेल, आणि तो ठार बहिरा आहे. चहा गार निघाला की सुदाम कप असा आपटायचा, की भिंतीपलीकडच्या घरातलं कॅलेंडर हलायचं. पण २००३ सालच्या त्याच्या रागाला गल्लीत कुणी नावं ठेवली नाहीत.

सुदाम कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. सुट्टी लागली की विद्यापीठात जाऊन नखाएवढ्या स्फटिकाच्या चकत्यांवर मँगनीजच्या ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा. माल तोच, भट्टी तीच. तरी एका जातीच्या चकतीवरचा थर झकास चुंबक व्हायचा, दुसऱ्या जातीवरचा मरगळलेला. सुदाम म्हणे, चकतीच थराला ताणते. त्याचे पीएचडीचे मार्गदर्शक दत्तोपंत म्हणत, तुझा हातच घाण.

एवढ्यावर भागलं असतं. पण कॉलेजच्या भरल्या सभागृहात सुदामचं भाषण संपताच पंत माइकवरून म्हणाले, "थर बिघडले ते हलगर्जीपणानं. तांड्यावरून आलेल्यांना शिस्त लागायला पिढ्या जातात."

लोक हसले. शेवटच्या रांगेत सुदामचा बाप थावरा बसला होता, बंजारा तांड्यावरून मोंढ्याच्या बाजारात हळद घालून पोराचं भाषण ऐकायला आलेला. सगळे हसले म्हणून तोही हसला. सुदामनं ते पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं.

बाहेर आल्यावर थावरानं विचारलं, "काय चुकलं रं तुझं?"

"काई न्हाई चुकलं, बा! लांब टांगेच्या बैलाबराबर आखूड बैल जुंपला तर?"

"फरफटत चालतंय. जीव जातो त्याचा."

"तेच हून राहिलं. खालच्या चकतीतले अणू लांब लांब. वरचा थर त्यांच्या पावलावर पाऊल टाकाया जातो, ताणला जातो, अन् चुंबकपना ढिला पडतो."

"मंग असं चिडून काय? तांड्यात आळ आला तर पंच नसाब बसवत्यात. आळ घेणाऱ्याला सगळ्यांम्होरं बसावंच लागतं."

सुदामनं पंतांनाच भट्टीसमोर बसवलं. दोन्ही जातींच्या चकत्या एकाच पट्टीवर, एकाच वेळी आत. चकत्यांवरच्या खुणा पंतांच्या, भट्टीही पंतांनीच लावली. सुदाम दारात हात मागे बांधून दात खात उभा. मोजणी दुसऱ्या शहरात झाली. जुळत्या चकतीवरचा थर ताकदवान, ताणणारीवरचा पुन्हा मरगळलेला. पुढच्या खेपेला त्याच ताणणाऱ्या जातीच्या चकतीवर जाड थर दिला. तळाची पकड सुटली आणि तोही शुद्धीवर आला.

पंतांनी घरी बोलावून शिरा पुढे केला. "सुदामराव, मला आधीपासून वाटतच होतं हो, ताणच असणार."

"मग माइकवर का नाही बोललात?" आतून गंगूताईंनी नवऱ्याला विचारलं.

सुदामनं बशी सरकवली. "आळ सभागृहात घेतला, सर. तिथंच परत घ्या. बा शेवटच्या रांगेत बसंल."

"अरे, प्रबंधावर सही करतोय ना मी!"

"तवर सही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

गॅदरिंगला त्याच सभागृहात पंत उठले, "सुदामची चूक नव्हती," एवढं पुटपुटून बसले.

"अन् तांड्याची?" सुदाम जागेवरून गरजला.

पंत पुन्हा उठले. घाम पुसला, माइक धरला. "ते... ते मी चुकीचं बोललो. शब्द मागे घेतो."

लोक हसले. या खेपेला थावरा हसला नाही.