शिक्र्यावरचा आळ

शालनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत होते. "झोपेतच गेली गं," आत्याचा मुलगा, माझा दादा, म्हणाला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? त्याची बायको, रेखावहिनी, तेव्हा कुठं होती...

अंथुर्ण्याची माझी ही आत्या कुणावर सहज विश्वास ठेवत नसे. सुनेनं लावलेलं कुलूपही ती ओढून बघायची. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहिले होते. पेरूच्या बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीत भोक होतं, तिथं दयाळ पक्ष्यांनी घरटं केलं होतं. काळा-पांढरा नर पहाटे तारेवर शेपूट उभारून गायचा, तो गायला की मगच आत्याचा चहा. बाभळीवर मात्र शिक्रा येई. पारव्याएवढाच, पण लाल डोळ्यांचा शिकारी. पानाआड गप्प बसून राही. एका सकाळी पिल्लं नाहीशी झाली.

"त्योच! कसा टपून बसलाय बघ. बेचकी आण," आत्या कडाडली.

वहिनी धुणं वाळत घालत होती. "आत्या, नेताना बघितलं का तुमी?"

"तू कशाला त्याची बाजू घेतीस?"

वहिनी पुन्हा धुण्याकडे वळली. पण आत्यानं बेचकी उचलली नाही, खुर्ची टाकून पाळत ठेवली. दयाळांनी पुन्हा अंडी घातली, पिल्लं निघाली, आणि एका दुपारी आत्या ओरडली. धामण त्या भोकात तोंड घालत होती! वहिनीनं काठी आपटून तिला हुसकावलं. "चुकलं माझं," आत्या सुनेकडे न बघता म्हणाली. हे शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले.

मी निघायच्या आदल्या दिवशी शिक्र्यानं त्या गाणाऱ्या नराला आमच्यादेखत तारेवरून उचललं. आत्याचे डोळे भरून आले. "शेवटी तसलाच निघाला," मी म्हटलं.

"ह्ये त्यानं केलं," ती म्हणाली, "त्ये केलं नव्हतं."

दहाव्याला ओसरीवर बायका कुजबुजत होत्या. "सुनेच्या डोळ्यात टिपूस न्हाय. गोळ्या तरी येळेवर देत हुती का?" मीही वहिनीवर नजर ठेवून होते. ती उठून आत गेली, तशी मागोमाग गेले. आत्याच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत्याच्या गोधडीत तोंड खुपसून वहिनी हुंदके देत होती. हे रडणं खरं की दाखवायचं... क्षणभर मनात आलंच. पण त्या खोलीत बघायला कुणीच नव्हतं.

मी आवाज न करता दार ओढून घेतलं, आणि बाहेर उभी राहिले.