लाल टिकल्यांची करवत

वाडीत, ट्रकांच्या गोदामांना लागून नत्थूजी बावण्यांचं दुकान होतं. आधी ते फवारणीचे पंप दुरुस्त करत. पंचाऐंशीच्या सुमारास लाकडाच्या टालवाल्यांकडे, म्हणजे वखारवाल्यांकडे, पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती आल्या. त्या बिघडू लागल्या, तशी नत्थूजींना बारमाही भाकर मिळू लागली.

करवत आणणाऱ्याला ती डोळ्यांसमोर उघडलेली हवी असे. नुसती साखळी घासून मशीन ठणठणीत चालली तरी तोंड वाकडं, "उघडली बी नाही जी तुम्ही!" दुरुस्तीनंतर आवाजही वाढलेला हवा. समोरच्या, ट्रकांचं वजन करणाऱ्या धर्मकाट्यापर्यंत ऐकू गेला नाही, तर झाली कसली दुरुस्ती? पण सगळ्यांची खरी भीती एकच, मिस्त्री आतला चांगला पार्ट काढून घेतो.

कुहीचे दादाजी झाडं तोडायचे ठेके घेत. ओढायची दोरी तुटली म्हणून ते मशीन घेऊन आले, तेव्हा ती हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसत होती. लेकीच्या नखपॉलिशनं त्यांनी दिसेल त्या पार्टवर लाल टिकली लावली होती. नत्थूजींनी हसू दाबलं आणि दोरी बदलली. दादाजींनी टिकल्या तपासल्या आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी परत.

"काय केलं जी माह्या मशीनले? सुरू होते, थोडी चालते अन् मरते."

"टिकल्या पाहा ना. एक तरी हलली का?"

"बाहेरच्या नाही हलल्या. आतलं कोनाले दिसते?"

बाजूच्या टालवरची माणसं गोळा झाली. त्यांच्याकडे वळून दादाजींनी आवाज चढवला, "साऱ्या टालांवर सांगतो, इथं मशीन देऊ नका म्हणून!"

नत्थूजींचा चेहरा उतरला. टालांचं काम गेलं की पंप तेवढे उरणार, आणि पंप हंगामापुरते.

त्यांनी गोणपाट अंथरलं आणि सगळी मशीन उघडली. दादाजी उकिडवे बसून एकेक पार्ट उलटापालटा करत होते. सगळे त्यांचेच निघाले. कार्बोरेटर साफ झाला, पदरचा नवा प्लग लागला, मशीन जोडली. ती गरजली आणि थोड्या वेळानं मेली.

"मिस्तरी, आता तुमालेच टिकली लावा लागते!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पेट्रोल तरी आहे का, हे बघायला नत्थूजींनी टाकीचं टोपण फिरवलं. फुस्स आवाज आला. टोपण सैल ठेवून दोरी ओढली, तर मशीन थांबेचना. घट्ट केलं, काही वेळात बंद. त्यांनी टोपण उजेडात धरलं. वरच्या बारीक भोकावर जाड लाल टिकली बसली होती.

"दादाजी, टाकी इथून हवा घेते. तुमी तिचं नाकच बुजवून ठेवलं न!"

सुईनं भोक मोकळं केलं. मग मशीन इतकी चालली, की धर्मकाट्यावरचा माणूस ओरडत आला.

आता दादाजी ओशाळतील म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले. दादाजींनी टोपण काढून घेतलं, उरलेली लाली न्याहाळली आणि गर्दीला सांगितलं, "मानूस इमानदार हाये. सारी मशीन खोलली, पन टोपन बी माहंच हाये!"

हीच गोष्ट त्यांनी टालाटालांवर सांगितली. काम वाढलं. येणाऱ्या प्रत्येक मशीनवर आता लाल टिकल्या असत, आणि बिघाड कुठलाही सांगितला तरी नत्थूजी आधी सुई शोधत.