सातच्या सुमाराचा बिघाड

बाबा गेल्यावर दीड वर्ष त्यांची गाडी बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगखाली उभी होती. अगदीच पडून नव्हती. दर रविवारी मी मुलुंडहून आईकडे जायचे, जेवायचे आणि गाडी गोरेगावपर्यंत फिरवून आणायचे. बसताना सीट पुढे ओढायचे, कारण बाबांचे पाय माझ्यापेक्षा लांब. उतरताना ती पुन्हा मागे, त्यांच्या मापाला सरकवून ठेवायचे. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. पण एकदा विसरले, तर अर्ध्या जिन्यावरून परत खाली आले होते.

मग एका रविवारी बटण दाबलं आणि समोर इशाऱ्यांची रांगच लागली. स्टिअरिंग तपासा, ब्रेक तपासा, टायर तपासा. एक वाचेपर्यंत दुसरा हजर. गाडी कशीबशी सुरू झाली. भाऊ अंधेरीला राहतो. त्याला फोन केला, तर तो म्हणाला की आता पुरे, विकून टाकू या. आई एवढंच म्हणाली, राहू दे. शेवटी मी मध्यस्थी केली. वर्कशॉपवाल्यांना दाखवू, खरंच कामातून गेली असेल तर विकू. मोठ्या समजूतदारपणे बोलले खरी, पण आतून मला ती गाडी हवी होती. बाबांचे कपडे आम्ही महिन्याभरात वाटून टाकले होते, कपाटातला त्यांचा कप्पा भावाच्या मुलांच्या खेळण्यांनी भरला होता. ते जिथे बसायचे अशी एवढी एकच जागा उरली होती.

वर्कशॉपमधला मुलगा फार अदबशीर होता. त्याने वायर जोडली, हातातल्या टॅबकडे पाहिलं आणि नऊ बिघाड सांगितले. म्हणाला, "मॅडम, एकेक पार्ट चेक करण्यात पॉइंट नाही. मेन कंट्रोल युनिट गेलंय." म्हणजे गाडीचा मेंदू. तो बदलण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवी घ्या, असंही त्याने ओघात सुचवलं.

मी विचारलं, नऊ गोष्टी एकाच दिवशी कशा बिघडल्या? तो म्हणाला, म्हणूनच तर, सगळ्यांना हुकूम देणारा एकच आहे ना. बॅटरी उतरली असेल तर, असं विचारलं. बॅटरी वर्षभराचीच होती आणि चार्ज केल्यावर ठणठणीत निघाली होती. कुठून करंट झिरपतोय का, हेही त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेऊन पाहिलं होतं. थेंबभरसुद्धा नाही. तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. बाबा मला लहानपणापासून वकीलीणबाई म्हणायचे, पण त्या दिवशी माझ्याकडे मुद्दाच नव्हता. तरी मी हट्टाने सांगितलं की मला पूर्ण रिपोर्ट छापून द्या, सगळी पानं. त्याने तोंड जरा वाकडं केलं, पण दिली.

मी बँकेत दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासते. शेवटची पानं कुणी वाचत नाही, मी वाचते. त्या रिपोर्टच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक बिघाड कधी नोंदला गेला, ते होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार. वेळ संध्याकाळी सात ते साडेसात. गाडीचा वेग शून्य, इंजिन बंद. रविवारी दिसलेले इशारे मुळात आठवडाभराचे जुने होते. मी ती पानं दोनदा वाचली. मेंदू गेलेली गाडी रोज घड्याळ लावून सात वाजताच कशी बिघडेल?

किल्ली आईच्या कपाटात असते. आणि आई सातला देवळात जाते, असं आम्हा दोघा भावंडांना ठाऊक होतं, कारण तिनेच तसं सांगितलं होतं.

गाडी चार्ज होऊन परत आली. पुढच्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकून बोरिवलीला गेले. वर न जाता पार्किंगमधल्या खांबाआड उभी राहिले. स्वतःच्या आईवर पाळत ठेवायची लाज वाटत होती. सातला पाच कमी असताना ती आली. अंगावर इस्त्रीची साडी, केसांत गजरा. डावीकडचं दार उघडून ती आपल्या नेहमीच्या जागेवर बसली, हात लांब करून तिने बटण दाबलं, एकदा आणि मग पुन्हा. क्लचवर पाय नसला की गाडी सुरू होत नाही, नुसती जागी होते, हे बाबांनीच तिला शिकवलेलं. दिवे लागले, पंखा सुरू झाला आणि उघड्या खिडकीतून बाबांचा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा..."

हे त्यांचं गाऱ्हाणं होतं.

गावाला निघताना बाबा गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. देवाला सगळी हकिगत सांगायची, कोण निघालंय, कुठे निघालंय, आणि दर वाक्यापाठी बाकीच्यांनी होकार भरायचा. आम्हा भावंडांना मालवणी कळते, पण गाऱ्हाण्याएवढी जीभ वळत नाही. आजारपणात आवाज बसायला लागला, तेव्हा त्यांनी गाडीत बसून, काचा वर करून ते रेकॉर्ड केलं आणि पेन ड्राइव्हवर घातलं. माझ्यामागे हे लावा आणि मगच गाडी हलवा, असं बजावलं होतं. आम्ही हसलो होतो. नंतर त्या गाडीने गावाला कुणी गेलंच नाही, आणि मी तर ते विसरूनही गेले होते.

आई विसरली नव्हती. बाबांचा आवाज म्हणत होता, "वाटेत काय वाकडानाकडा असात तां सरळ कर रे म्हाराजा," आणि ती हात जोडून म्हणत होती, "व्हय म्हाराजा." संपलं की पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास मी मोजला. दिवे आणि पंखा तसेच चालू. कुठली बॅटरी तग धरेल?

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपला फोन लावला आणि सगळे इशारे बॅटरी उतरल्यामुळेच येतात, युनिट बदलायचं नाही म्हणून सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "मग मॅडम, करंट खातंय कोण?"

"माझी आई," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला की पार्किंगमध्ये सॉकेट असेल तर एक छोटा चार्जर मिळतो, तो लावून ठेवा, आईंना बसू दे. युनिटचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. जिंकल्याचा आनंद मला काही झाला नाही.

भावाला कळलं तेव्हा तो आधी रडला आणि मग लगेच उपाय काढायला लागला. ते रेकॉर्डिंग त्याने आईच्या फोनवर घालून दिलं, आता खाली जायची गरज नाही म्हणाला. आईने ते एकदा ऐकलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "हेच्यात ते बसतत खंय?" एवढंच म्हणाली. त्यानंतर विकायची भाषा भावाने केली नाही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी आईबरोबरच खाली उतरले. तिने मला नको म्हटलं नाही. सवयीने मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, तर ती म्हणाली, "थंय नको गो. मागे बस."

मी मागे बसले, लहानपणी बसायचे तशी दोघांच्या मधोमध. बाबांची सीट माझ्याच हाताने रविवारी मागे सरकवलेली होती, त्यामुळे उजवा गुडघा तिला टेकत होता. बाबा बोलायला लागले, आई होकार भरायला लागली. मला एकदाही "व्हय म्हाराजा" म्हणता आलं नाही. मला ते हवे होते. आवाज नको, ते हवे होते.

गाऱ्हाणं संपलं, पण रेकॉर्डिंग लगेच थांबलं नाही. कपड्यांची सळसळ, एक खोकला, खांबाआडून मला ऐकू न आलेलं सगळं. ते बंद करायचं कुठून, हे बाबांना सापडत नसावं. आणि मग त्यांचा अगदी साधा, रोजचा आवाज, "पट्टो लाव गो."

आईने खांद्यावरून पट्टा ओढला, खटकन लावला आणि समोर बघत बसली.