लुगड्याला ऊन

शेजारच्या घरात कूलरच्या वायरीनं पेट घेतला आणि त्यांचं कपाट आतल्या सगळ्या सामानासकट जळालं. त्याच आठवड्यात मी आगीत न जळणारी तिजोरी घ्यायला निघाले. आई म्हणाली, "आपल्याकडं जोखीम तरी काय आहे वं?"

इतवारीतल्या दुकानदारानंही तेच विचारलं, "जोखीम किती आहे, ताई?" म्हणजे सोनं किती. मी दोन बांगड्या आणि घराचे कागद सांगितले. आई मध्येच म्हणाली, "अन् एक लुगडं." दुकानदार हसला नाही, लाज मलाच वाटली. ते पांढरं लुगडं माझ्या आजीचं, छप्पन साली दीक्षेच्या दिवशी नेसलेलं. आजीनं ते लेकींना न देता सुनेला, म्हणजे माझ्या आईला दिलं. आई दर पौर्णिमेला ते गच्चीवर नेऊन ऊन दाखवायची आणि त्याच घडीवर परत ठेवायची.

मी एकच धोशा लावला होता, आगीत किती वेळ टिकेल? तासभर, तो म्हणाला. तिजोरी टेम्पोत चढताना त्यानं आणखी एक सांगितलं, "तिजोरीच्या भिंतीत भरलेल्या मालाले ओल राह्यते. अधूनमधून उघडी ठेवत जा. कापड डांबून ठेवू नका." आई तेव्हा ऑटो बघायला पुढे गेली होती. मी नुसतं हो हो केलं.

महिन्याभरात आईनं तिजोरीचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, तोही लाल स्केचपेननं. मी भडकले. "आता पाट मांडून चोराले जेवालेच बोलाव!" नंबर बदलला आणि तिला सांगितला नाही. तिच्याच भल्यासाठी, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पौर्णिमा आली. "उघडून दे वं, जराशी उघाड आहे, लुगड्याले ऊन दाखवाचं आहे." मला मिहानला ऑफिस गाठायचं होतं. "रविवारी," मी म्हणाले. रविवारी मी झोपा काढल्या. तीन पौर्णिमा अशाच गेल्या. चौथ्या पौर्णिमेला तिनं मागितलंच नाही, आणि मला बरंच वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आपणहून तिजोरी उघडली. कुबट वास आला. लुगड्यावर काळपट ठिपके पडले होते, आणि उलगडताना ते घडीवर विरत गेलं. लोक आगीतून फुफाट्यात पडतात. मी आगीच्या भीतीनं ते बुरशीत घातलं होतं.

आईनं ते मांडीवर घेतलं आणि डागांवरून अंगठा फिरवत बसली. तिनं मला चार शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं. मी चोरासारखी उभी होते.

"माहीच चूक आहे," ती म्हणाली. "मी तो नंबर असा लिहालेच नाही पाह्यजे होता. तू काही उगाच नाही चिडली."

दुकानदाराचं बोलणं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"जाऊ दे ना आई," मी म्हणाले, "असं होईन म्हणून कोणाले मालूम होतं?"