एकच डिस्क उरली होती

गावात त्याला सगळे ‘इकडेबघा’ म्हणत. तीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं, पण कॅमेऱ्यामागून दुसरा शब्द म्हणून काढला नाही. घुम्या नुसता!

आज मात्र त्याला चूक परवडणार नव्हती. दुकानात कोरी डिस्क एकच उरली होती, आणि बाजारात आता मिळत नव्हत्या. त्या एका डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे दोन तास बसवायचे होते. वारलेले वडील बोलताना-चालताना दिसतात ते फक्त त्यातच. मूळ टेप मशीनने कधीच खाल्ली होती. उरलं ते कॉम्प्युटरमधलं. बहिणीकडे राहणारी आई आठवडाभर एकच धोशा लावून होती, “ह्यांना एकदा लावा.” डॉक्टरांनी आईचे दिवस मोजायला सांगितले होते. मोबाइल म्हातारी हातात धरत नसे. तिचा भरवसा फक्त जुन्या डिस्कप्लेअरवर. मेहुणा चारच्या बसने डिस्क नेणार होता.

सेटिंगची खिडकी उघडून तो तासभर नुसता बसला होता. चित्र चौकोनी की आडवं? आडवं केलं तर वडील बुटके आणि जाडे दिसणार. चित्र रेघारेघांनी बनतं; वरच्या रेघा आधी की खालच्या? इथे तो एकदा चुकला होता, तेव्हा अख्ख्या लग्नात नवरदेव थरथरत चालला होता. चौकोनी केलं. खालच्या रेघा आधी. पाच वेळा तपासलं, तरी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला. चूक झाली तर दुसरी डिस्क आणायची कुठून?

फोन वाजला. बहीण होती.

“दादा, झालं का रे?”

“थांब गं. चित्र स्वच्छ यायला हवं.”

“चित्र काय करायचंय? महिना झाला, आईला काहीच दिसत नाही. आवाज ऐकायचाय तिला.”

“मला बोलली नाहीस ते!”

“तू आलास कधी?”

त्याने स्क्रीनवरच्या आवाजाच्या पट्टीकडे पाहिलं. लग्नात लोकांचं बोलणं बंद करून वर गाणी टाकायची, ही त्याची कायमची पद्धत. इथेही तेच केलं होतं. वडिलांचा आवाज त्याने स्वतःच्या हाताने बंद करून ठेवला होता, आणि आणखी एक बटण दाबलं असतं तर डिस्कभर नुसती सनई वाजली असती.

घाईघाईने त्याने गाणी काढली. आवाजाला सगळ्यात वरचं सेटिंग दिलं, चित्राचं खाली आणलं. मग गाण्यांखालचा मूळ आवाज चालू केला.

“अरे, सगळ्यांना दाखवतोस, तू कधी दिसणार?” वडील कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होते. “ठेव ते खोकं. जेवून घे आधी.”

तो रडला. मग डिस्क घातली, बटण दाबलं. शंभर टक्के होईपर्यंत स्क्रीनवरून नजर काढली नाही.

फोन अजून चालूच होता.

“भावोजींना पाठवू नकोस,” तो म्हणाला. “मीच घेऊन येतो.” आणि मग त्याला खरी भीती वाटली. “ओळखेल का गं ती मला?”

“आवाजावरून ओळखते ती सगळ्यांना,” बहीण म्हणाली. “तू फक्त बोल रे काहीतरी.”